मुलगी ‘भीती वाटते’ म्हणाली, तर तिच्याकडे पुरावा मागू नका

प्रति,
सातारा जिल्ह्यातील शाळा-महाविद्यालयांचे संस्थाचालक, मुख्याध्यापक आणि प्राचार्य यांस,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र एका परिपत्रकामुळे लिहावं लागत आहे. जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयानं ते काढलं. मुलींनी पाचनंतर आवारात थांबू नये. संध्याकाळचा खेळाचा सराव पुढील सूचनेपर्यंत बंद. अनोळखी व्यक्तीशी बोलू नये. आणि शेवटी, आवाराबाहेर घडणाऱ्या कोणत्याही प्रकारास संस्था जबाबदार राहणार नाही. आता तेच परिपत्रक दुसऱ्या संस्थांच्या फलकांवरही लागू लागलं आहे, तारीख आणि शिक्का तेवढा बदलून. म्हणून हे पत्र एकाला न लिहिता तुम्हा सगळ्यांना लिहिते आहे. संस्थेचं नाव मुद्दाम घेत नाही. एकाचं नाव घेतलं की बाकीचे निर्धास्त होतात.

मी ज्युदो शिकवते. साताऱ्यात, आणि कोरेगाव-रहिमतपूर बाजूलाही. माझ्याकडच्या बहुतेक मुली गावाकडून येतात. बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे म्हणून येऊ शकतात. ज्या घरात आईची शाळा सातवीला सुटली, त्या घरातली मुलगी सकाळची पहिली गाडी धरून अकरावी सायन्सला येते. तिचे पाच-सहा तास तुमच्या आवारात जातात, आणि थांब्यावर, फाट्यावर, गाडीत मिळून जवळजवळ तेवढेच बाहेर. परिपत्रकातलं शेवटचं वाक्य या बाहेरच्या तासांवरून हात झटकतं.

ज्या प्रकारानंतर ते निघालं, त्यातली मुलगी माझ्याकडे सरावाला यायची. तिचं नाव-गाव सांगणार नाही. तिला आणि तिच्या आईवडिलांना विचारून जेवढं सांगता येईल तेवढंच लिहिते. गावातलाच एक मुलगा बरेच महिने तिच्या मागे होता. मेसेज, मैत्रिणींकडून निरोप, वाटेत गाडी आडवी घालणं. मग एकाएकी सगळं थांबलं. मैत्रिणी म्हणाल्या, सुटलीस बाई. पण तिच्या मनात खरी पाल चुकचुकली ती तेव्हापासून. तो बोलत नव्हता, पण पूर्वी कधी नसायचा अशा ठिकाणी दिसू लागला. तिची गाडी लागते त्या थांब्यासमोर. क्लासच्या कोपऱ्यावर. जवळ यायचा नाही आणि नजरही काढायचा नाही. तिनं वर्गशिक्षिकेला सांगितलं.

“काय केलं त्यानं?”

“काही नाही, मॅडम. नुसता उभा असतो.”

“मग आपण काय करणार? रस्ता सगळ्यांचा आहे.”

ती पर्यवेक्षकांकडे गेली. तिथं उत्तर मिळालं, अजून काही घडलेलं नाही ना, लेखी द्यायचं असेल तर वडिलांना घेऊन ये. वडिलांना आणायचं म्हणजे पुढं काय होणार हे तिला पक्कं माहीत होतं. तिनं तो विषय सोडून दिला.

पुढं एका संध्याकाळी तो फाट्यावर आला. दिवस उकाड्याचे, अंगात जर्किन, आणि उजवा हात जर्किनच्या आत. तिनं तो हात पाहिला. तो काही बोलायच्या आत ती तिथं उभ्या असलेल्या पिकअपच्या पलीकडं गेली, दप्तर छातीशी घेतलं आणि ओरडत समोरच्या कृषी सेवा केंद्राकडं पळाली. कोयत्याचा एक वार डाव्या हातावर बसला. दुसरा बसायच्या आत दुकानदारानं तिला आत ओढून शटर खाली घेतलं. तिची दोन बोटं अजून नीट वळत नाहीत. पण ती जिवंत आहे, आणि ज्या भीतीला कॉलेजात पुरावा मागितला गेला त्या भीतीमुळंच जिवंत आहे.

या भीतीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडं तिला पोरकटपणा समजतात. एखाद्याला पाहून पोटात गोळा येतो, पाय आपोआप मागे सरतात, तेव्हा मेंदूनं काहीतरी टिपलेलं असतं. अमिग्डला नावाचा मेंदूचा भाग धोक्याची दखल घेतो आणि आपला विचार पुरता होण्याआधीच शरीराला तयार करतो. छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते. कारण नंतर सापडतं. उकाड्यात जर्किन का, हात दिसत का नाही, आपण थांबलो की मागची पावलं का थांबतात, बोलता बोलता हा माणूस आजूबाजूला कोण आहे ते का बघतो, नको म्हटल्यावरही मदत करायचा हट्ट का धरतो. एवढा सगळा हिशेब मुलीला शब्दांत सांगता येत नाही. ती म्हणते, “मॅडम, कसंतरी वाटतंय.” त्या तीन शब्दांत बरीच माहिती असते.

ती माहिती आधी मिळणं का महत्त्वाचं, यासाठी एक आकडा सांगते. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या पोलीस दलातले प्रशिक्षक डेनिस टुलर यांनी १९८३ साली मांडलं की चाकू घेतलेला साधा धडधाकट माणूस २१ फूट अंतर सुमारे दीड सेकंदात कापतो. ते पोलिसांना शिकवत होते, कमरेला पिस्तूल असलेल्यांना. २१ फूट म्हणजे साडेसहा मीटरच्या आतबाहेर. आपल्या फाट्यावरच्या रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत साधारण तेवढंच अंतर असतं. दीड सेकंदात दप्तर खांद्यावरून उतरत नाही. हल्ला सुरू झाल्यावर हाताशी जवळजवळ काहीच उरत नाही, जे काही करता येतं ते त्याच्या आधी. चार पावलं बाजूला होणं, मध्ये गाडी किंवा टेबल घेणं, माणसांकडे आणि उजेडाकडे जाणं, ओरडणं. मी एवढी वर्षं ज्युदो शिकवते, पण समोर कोयता दिसला तर मी पहिल्यांदा पळेन, आणि माझ्या मुलींनाही तेच शिकवते.

कोयत्यावर बंदी घाला असं म्हणून भागणार नाही. हा ऊसपट्टा आहे. कोयता घरोघरी आहे, चाऱ्याला लागतो, तोडीला लागतो. तो हातात घेऊन कोणी फाट्यावर येतो आहे, हे ज्याला आधी कळलं त्याचं ऐकून घेणं आपल्या हातात आहे.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार ‘घडलेलं नाही’ या उत्तराविषयी. कायदा तुमच्याइतका थांबत नाही. अकरावी-बारावीतल्या बहुतेक मुली अठराच्या आतल्या आहेत, त्यांना २०१२ चा पॉक्सो कायदा लागू होतो. लैंगिक हेतूनं मुलाचा किंवा मुलीचा वारंवार पाठलाग करणं, वारंवार टेहळणी करणं, मोबाईलवरून वा इतर मार्गानं वारंवार संपर्क साधणं हा या कायद्याच्या कलम ११ प्रमाणं लैंगिक छळ आहे. आणि कलम १९ म्हणतं की असा गुन्हा घडल्याचं कळलं तर, आणि घडण्याची शक्यता वाटली तरीसुद्धा, पोलिसांना कळवायचं. म्हणजे ‘भीती वाटते’ ही कळवण्याजोगी गोष्ट आहे असं खुद्द कायद्यानं मानलं आहे. अठरावरच्या मुलींसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ आहे. स्पष्ट नकारानंतरही पुन्हा पुन्हा पाठलाग करून संपर्क साधणं हा गुन्हा आहे, पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. अंगावर वार झाला पाहिजे अशी अट यात कुठेही नाही.

दुसरी तक्रार ‘वडिलांना घेऊन ये’ या अटीविषयी, आणि ही मला सगळ्यांत जास्त टोचते. गावाकडच्या मुलीनं घरी सांगितलं की दोन गोष्टी होतात. कॉलेज बंद, आणि पाठोपाठ स्थळं बघायला सुरुवात. सगळ्याच घरांत नाही, पण इतक्या घरांत की प्रत्येक मुलगी तोंड उघडण्याआधी हा विचार करते. तिच्यामागं लागलेल्या मुलाला हे पक्कं ठाऊक असतं. तो तिच्या गप्प बसण्यावरच भिस्त ठेवून असतो. शिक्षकाकडं जाऊन बोलायची हिंमत करणारी मुलगी म्हणूनच फार मोठी उडी घेत असते. तिला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं तर ती पुन्हा येत नाही. घरी सांगायला हवं, जरूर सांगायला हवं. पण कसं सांगायचं, आधी कोणाला सांगायचं, आईला की मामाला, हे त्या मुलीशी बोलून ठरवा. शक्य असेल तर एखाद्या बाईंनी तिच्या घरी जावं आणि पहिलं वाक्य हे म्हणावं की हिचं शिक्षण थांबवू नका, हिनं काही चूक केलेली नाही. मी अशा घरांत गेले आहे. बाई स्वतः दारात आल्या म्हटल्यावर वडील ऐकतात. आधी चिडतात, पण ऐकतात.

तिसरी, ‘अनोळखी व्यक्तीशी बोलू नये’. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे वार्षिक अहवाल काढून पाहा. बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक वेळा आरोपी ओळखीचा असतो. घरचा, शेजारचा, मित्र, नोकरीच्या ठिकाणचा. मुलीला अनोळख्याची धास्ती घालून तुम्ही तिचं लक्ष भलतीकडं वळवता. त्यातून दुसरंही नुकसान होतं. मळके कपडे, परप्रांतीय बोली, वेगळी वस्ती, वेगळी जात दिसली की घाबरायचं असं मुलं शिकतात आणि त्यालाच सावधपणा समजतात. माणूस कोण आहे यापेक्षा तो या क्षणी काय करतो आहे, हे बघायला शिकवावं लागतं. गोड बोलणारा, स्वच्छ कपड्यातला, ओळखीचा माणूस ‘नको’ ऐकत नसेल तर तिथं सावध व्हायचं.

पुण्याच्या स्वारगेट एसटी स्थानकातली बलात्काराची घटना तुम्ही विसरला नसाल. २५ फेब्रुवारी २०२५ ची पहाट. ती तरुणी आपल्याच जिल्ह्याकडं, फलटणला निघाली होती. त्या माणसानं तिला ‘ताई’ म्हणून हाक मारली, तुमची गाडी तिकडं लागली आहे असं सांगितलं. बसमध्ये अंधार दिसला म्हणून ती थबकली होती, तेव्हा प्रवासी झोपलेत असं तिला सांगण्यात आलं, असं त्या वेळच्या बातम्यांत आलं. म्हणजे आतून सूचना मिळाली होती. एका सभ्य आवाजानं ती पुसून टाकली. आपण मुलींना लहानपणापासून शिकवतो की कोणी चांगलं बोलत असेल तर उलट बोलू नये, आगाऊपणा करू नये, संशय घेऊ नये. हल्लेखोराला नेमकी हीच शिकवण उपयोगी पडते. आणि नंतर चर्चा कशाची झाली? ती ओरडली का नाही, याची. अचानक झडप पडली की अनेकांचं शरीर गोठतं, वाचा बसते, हातपाय हलत नाहीत. ही शरीराची प्रतिक्रिया आहे, मर्जी नव्हे. तुमच्या स्टाफरूममध्ये त्या दिवसांत हा प्रश्न कितीदा विचारला गेला असेल, आणि दाराबाहेर उभ्या असलेल्या किती मुलींनी तो ऐकला असेल, याचा विचार करा. त्यातली एखादी तुमच्याकडं बोलायला यायची होती.

चौथी तक्रार शिबिरांची. वर्षातून एकदा मैदानावर मांडव, पाहुणे, शाल-श्रीफळ, दोन तासांत मनगट सोडवायच्या चार युक्त्या आणि वर्तमानपत्रात फोटो. मला अशा शिबिरांना बोलावतात आणि मी जाते, कारण काहीच नसण्यापेक्षा बरं. पण खरं काम कुठं आहे ते सांगते. माझ्या वर्गात नवी मुलगी आली की पहिला धडा ओरडण्याचा असतो. ‘मागे हो!’ एवढंच पोटातून मोठ्यानं म्हणायचं. निम्म्याहून अधिक मुलींचा आवाजच निघत नाही. त्या हसतात, खाली बघतात, एकमेकींच्या मागं लपतात. काहींना महिना लागतो. मुलीच्या जातीनं हळू बोलावं हे घरात, शाळेत, देवळात ऐकून ऐकून गळा आतूनच आवळलेला असतो. तो दोन तासांच्या शिबिरात मोकळा होत नाही. आणि तुम्ही बंद केला तो संध्याकाळचा सराव; त्या मुलीला पिकअपच्या पलीकडं जायची आणि ओरडायची सवय जिथं लागली ती जागा.

मुलग्यांनाही या सगळ्यातून वगळू नका. ‘बघून घेतो’, ‘उद्या ये गेटवर’ हे मुलं एकमेकांना उघड म्हणतात, मोबाईलवर स्टेटस ठेवतात, कोणाच्या गाडीच्या डिकीत काय आहे हे दहा जणांना माहीत असतं. ज्याच्यावर हल्ला होणार असतो त्यालाही बहुतेकदा अंदाज असतो. पण पोरगा असून घाबरतोस, या एका वाक्याच्या भीतीनं तो कोणाला सांगत नाही. आणि ज्याला मित्राचं बिनसलेलं दिसतं, त्यालाही कुठं बोलायचं ते ठाऊक नसतं. पुण्यात सदाशिव पेठेत २७ जून २०२३ ला भर दिवसा एका विद्यार्थिनीवर कोयता उगारला गेला, तेव्हा लेशपाल जवळगे हा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा तरुण मध्ये पडला आणि त्यानं कोयता धरला. अशी मुलं आपल्याकडंही आहेत. पण त्यांच्यावर तशी वेळ येण्याआधी कोणीतरी काहीतरी करायला हवं होतं, आणि आपण त्या ‘कोणीतरी’त मोडतो.

जबाबदारी झटकण्याबद्दल एकच मुद्दा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांत विद्यार्थी वा कर्मचारी नसलेल्या बाहेरच्या माणसाकडून होणारा छळही धरला आहे. शाळांसाठी शासनानं २०२२ मध्ये विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्या करायला सांगितलं, आणि बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचारानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा बजावलं. समितीला ज्यांचं नाव दिलं त्या आपल्याच नायगावच्या. शाळेच्या वाटेवर अंगावर शेण आणि दगड झेलणाऱ्या त्या बाईंचं नाव लावून, शाळेच्या वाटेवर काय होतं ते आमच्याकडं नाही, असं म्हणता येणार नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

ते परिपत्रक मागे घ्या. जिथं जिथं लागलं आहे तिथून काढा आणि संध्याकाळचा सराव सुरू करा. सराव सुटल्यावर शेवटची मुलगी गाडीत बसेपर्यंत एक शिक्षक किंवा शिपाई थांब्यावर उभा राहील, एवढी व्यवस्था करा. पाळीपाळीनं केली तर कोणावर भार पडत नाही.

प्रत्येक संस्थेत एक वही ठेवा, जिच्यात न घडलेल्या गोष्टीही लिहिता येतील. कोण, कुठं, केव्हा दिसला, काय खटकलं. नोंद त्याच दिवशी व्हावी, घेणाऱ्या बाईंची सही असावी आणि मुलीला प्रत मिळावी. एकाच माणसाबद्दल दुसरी नोंद आली की त्याच दिवशी निर्भया पथकाला कळवा. प्रकरण गंभीर वाटलं तर पहिल्याच नोंदीला कळवा, ११२ ला फोन करा. माहिती खोटी निघेल, एखाद्याची बदनामी होईल, ही तुमची शंका मला मान्य आहे. म्हणूनच वही कुलपात ठेवा, नाव फलकावर लावू नका, चौकशी पोलिसांना करू द्या. पण ऐकून घ्यायला ‘भीती वाटते’ एवढं कारण पुरेसं आहे.

समितीतल्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर दारात, मुलींच्या स्वच्छतागृहात आणि मुलग्यांच्या वर्गांतही लावा. कागदावरच्या समित्या आम्हाला नकोत.

शिबिराऐवजी वर्षभर आठवड्याला एक तास द्या, मुली आणि मुलगे दोघांना. त्यात ओरडणं, अंतर राखणं, सुटका करून पळणं, दुसऱ्यावर हल्ला होताना काय करायचं हे शिकवा. कायदाही शिकवा. मारलं तर आपल्यालाच आत टाकतील, असं मुलींना वाटतं. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या शरीराचा बचाव करण्याचा अधिकार न्याय संहितेनं दिला आहे, कलम ३४ पासून पुढं तो सविस्तर लिहिलेला आहे, आणि ॲसिड फेकणाऱ्यापासूनच्या बचावाचाही त्यात वेगळा उल्लेख आहे. हे त्यांना नववीपासून माहीत असलं पाहिजे.

थांब्याजवळच्या दुकानदारांना, रिक्षावाल्यांना, रसवंतीवाल्यांना एकदा बोलवा. मुलगी धावत आत आली तर काहीही न विचारता तिला आत घ्या, शटर ओढा आणि फोन करा, एवढंच सांगा. त्या कृषी सेवा केंद्राच्या मालकांना कोणी शिकवलं नव्हतं. पुढच्या वेळी नशिबावर सोडायला नको.

आणि त्या मुलीची हजेरी भरून काढा, प्रात्यक्षिक परीक्षेला लेखनिक द्या, तिला वर्गात परत येऊ द्या. ती परत येऊ इच्छिते. तिला ‘संस्थेची बदनामी’ म्हणून वागवलं जात आहे, हे तातडीनं थांबलं पाहिजे.

हे सत्र संपायच्या आत या पत्राचं लेखी उत्तर मिळावं, अशी विनंती आहे. जी संस्था शिक्षकांचं प्रशिक्षण घ्यायला तयार असेल तिथं मी मानधन न घेता येईन. शनिवार दुपार मोकळी ठेवली आहे; मैदान नसलं तरी चालेल, एक वर्गखोली पुरे.

आपली,
एक ज्युदो प्रशिक्षक, सातारा